तीन ड्राइव्हवरची द्वारकामावशी

द्वारकामावशी दिल्लीच्या हिंदूराव हॉस्पिटलमध्ये छत्तीस वर्षं नर्स होत्या. रसिकाने दोन वर्षं खपून त्यांच्यावर फिल्म केली होती आणि ती आज पाच वाजता कोपर्निकस मार्गावरच्या एका सभागृहात दाखवायची होती. सव्वातीनला फरीदाबादच्या घरी तिने कॉम्प्युटरवरचे फिल्मचे सहा भाग नव्या ड्राइव्हवर टाकायला घेतले.

पहिले दोन मिनिटभरात गेले. रसिका गुणगुणत साडीला पिन लावू लागली. तिसऱ्या भागाला वेग धाडकन उतरला आणि उरलेला वेळ दिसला: एक तास सात मिनिटं.

तिचा भाऊ निहार आयटीतला. त्याने वाकून बघितलं आणि सांगितलं, ड्राइव्ह बिघडलेला नाही. त्यात झटपट लिहून घेण्यापुरती थोडी जागा असते, ती भरेपर्यंत तो भसाभस घेतो. मग मात्र प्रत्येक गोष्ट संथ जागेत लिहायची म्हणून रखडतो.

“म्हणजे पहिले चाळीस जीबी, दोन भाग, पळतात,” रसिका म्हणाली. “कुठल्याही ड्राइव्हवर?”

“साधारण असल्या सगळ्याच.”

“मग अजून दोन ड्राइव्ह हवेत, यार.”

एका पायात चप्पल, एक पाय अनवाणी, अशी ती जिने चढली. वरच्या मजल्यावरच्या विक्रांतने आपला गेमचा ड्राइव्ह दिला, पण तो स्वतःच्या हाताने नेणार या अटीवर. शेजारच्या साधनाकाकूंनी नातीसाठी घेतलेला ड्राइव्ह खोक्यातून काढला आणि त्याही निघाल्या. दोन भाग एकावर, दोन दुसऱ्यावर. दोन्ही वेळा वेगाचा आकडा नऊशेवर पोचला. काकूंना त्याचा अर्थ ठाऊक नव्हता, तरी त्यांनी टाळ्या वाजवल्या.

मेट्रोत चौघांना हसू आवरेना. मंडी हाउस स्टेशनपासून चौघंही पळतच सभागृहात पोचली.

दर दोन भागांनंतर एकेक जण ड्राइव्ह घेऊन सभागृहाच्या लॅपटॉपकडे धावायचा. पहिल्या रांगेतल्या द्वारकामावशींनी शेवटी ही पळापळ कसली म्हणून विचारलं. सगळं ऐकून त्या इतक्या खूश झाल्या की फिल्म संपल्यावर त्यांनी विक्रांतला मंचावर बोलावून घेतलं.

“माझी कुठली वर्षं होती तुझ्याकडे?”

“ऐंशी ते नव्वद, मावशी. लग्नाची.”

“ती पुसू नकोस हं.”

विक्रांतने जागेसाठी एक गेम काढून टाकायचं तिथल्या तिथे कबूल केलं.