थिजलेला घड

रविवार, दिनांक ९ फेब्रुवारी २०२५ रोजी सकाळी दहा वाजता, बुऱ्हाणपूरच्या बुधवारा भागात, संतोष फळवाल्याच्या सफरचंदांच्या शीतखोलीतून केळीचा एक घड बाहेर काढण्यात आला. एकवीस दिवसांपूर्वी जसोंडीच्या निंबाने तो तेथे ठेवला होता. निंबाची बायको सोजरबाई हिने मरणाच्या महिनाभर आधी स्वतःच्या हाताने लावलेल्या बागेतला तो शेवटचा घड. बाकीची बाग मोडून झाली होती. चार दिवसांवर तिचे वर्षश्राद्ध होते. पानावर तिच्याच झाडाचे पिकले केळे पडावे, एवढेच निंबाला हवे होते.

घड हिरवा होता खरा, पण त्या हिरव्यावर राखट कळा चढली होती.

"पाय, कसा जसाच्या तसा राहिला!" निंबा लेकीला, वैजयंतीला म्हणाला.

ती महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवी. तिने नखाने साल खरवडली. आत तपकिरी रेघा होत्या.

"किती डिग्रीवर ठेवलं होतं?"

"चार," संतोष म्हणाला. "ताई, मी काकांना बोललो होतो, केलेवाल्यांकडे न्या, ते तेरावर ठेवतात. मलाच झापलं त्यांनी."

"तेरा म्हणजे काय थंडी झाली?" निंबा उसळला आणि लेकीकडे वळला. "तुझ्या मायचं इन्सुलिन दोन वर्षं सांभाळलं मी. खोक्यावर दोन ते आठ लिहिलेलं. एक शिशी नासू दिली नाही!"

वैजयंतीचा आवाज खाली आला. "आबा, केळं जिवंत असतं. त्याच्या प्रत्येक पेशीभोवती पटल असतं, स्निग्ध रेणूंच्या दोन थरांचं. ते रेणू सतत सरकत असतात, म्हणून पटल लवचीक राहतं. सफरचंदाला ही थंडी सोसते. केळ्याचं पटल मात्र तुपासारखं थिजतं."

"मग उबेत ठेवू. तूप पातळ होतंच की पुन्हा."

"तूप होतं. पण थिजताना पटलाला फटी पडल्या, आतलं गळून गेलं. ते परत भरता येत नाही."

निंबाने घडावरून हात फिरवला. मग दांडा धरून तो उचलू लागला.

"घरी नेतो. पेंढ्यात दाबतो. चार दिवस आहेत अजून."

वैजयंतीने त्याचा हात दांड्यावरून सोडवला.

"हा घड पिकणार नाही, आबा."