तेकुराची तिवाएवाए

“जमिनीत?” जिलियनने पुन्हा विचारलं. “एवढी सुंदर चादर तुम्ही जमिनीत पुरणार?”

“चादर नाही, तिवाएवाए,” अकाइती माई म्हणाली आणि तिने घडी छातीशी आणखी घट्ट धरली. “आणि नुसती नाही पुरणार. तेकुरावर घालून पुरणार.”

आमच्या तोकोरोआ गावच्या कलाकेंद्रातली जिलियन तशी वाईट बाई नाही. माईच्या शिवणवर्गासाठी केंद्राचा हॉल तिनेच मिळवून दिला, कापडही दिलं. अट एकच होती: पहिली तिवाएवाए, म्हणजे कापडाची फुलं कापून टाचलेली आमच्या बेटाकडची गोधडी, केंद्राच्या भिंतीवर कायमची लागणार, आणि खाली आम्हा सगळ्या बायकांची नावं. आम्ही उड्या मारत हो म्हटलं. कुणाचा जन्म लाकडाच्या कारखान्यात गेला, माझा इस्पितळाच्या धुलाईघरात. आमची नावं कोण कशाला लिहितंय? शनिवारी उद्घाटन ठरलं होतं. आणि बुधवारी सकाळी आमच्यातलीच तेकुरा तिच्या स्वयंपाकघरात कोसळली ती उठलीच नाही.

तेकुराचा जन्म इथला, न्यूझीलंडचा. आपलं बेट तिने कधी पाहिलंही नव्हतं. मांगाइया बेटावरून माई लेकाकडे राहायला आली आणि इथे वाढलेल्या आम्हा बायकांना शिकवायला बसली, तेव्हा तेकुराला सुईत दोरा ओवता येत नव्हता.

“हा टाका आहे की कोंबडी चालून गेलीय?” माई तिचं काम उसवता उसवता ओरडायची.

“कोंबडी तरी सरळ चालते, माई,” तेकुरा हसायची आणि पुन्हा टाचायला घ्यायची.

हसायची, पण तिच्या मनात सल होता. तिची आई गेली तेव्हा शवपेटीवर घालायला घरात तिवाएवाए नव्हती. दुकानातलं ब्लँकेट घातलं होतं. “आईला परक्यासारखं पाठवलं गं आम्ही,” असं ती मला म्हणाली होती. आता तिच्या स्वतःच्या घरातही नव्हती. होती ती ही एकच, आम्ही सगळ्यांनी मिळून टाचलेली.

“मला कळतं हो,” जिलियन म्हणाली. “अंत्यविधीपुरती न्या. मग परत आणा, मी स्वतः धुऊन घेईन.”

“म्हणजे मेलेल्या बाईच्या अंगावरचं पांघरूण ओढून घेऊ?”

“माई, उद्घाटनाला लोक येणारेत. भिंत रिकामी राहील. समिती हॉल काढून घेईल.”

“भिंतीला थंडी वाजते का?” माईने विचारलं.

मला ते नाव हवं होतं, भिंतीवर, ठळक अक्षरांत. मी माईला बाजूला घेतलं. “माई, आपण शब्द दिलाय त्यांना. तेकुरासाठी दुसरं काहीतरी बघू या ना.”

“मेरेआना, फुलं कापायला मी तुला शिकवलं. ती कशासाठी कापायची, हे पण आता शिकवू?”

ती मोठ्याने बोलली नाही, तरी माझे कान तापले. कुणाचा राग आला ते सांगता येत नाही, पण चांगलाच आला. मी पर्समधून हॉलची किल्ली काढली आणि जिलियनच्या हातात ठेवली.

“घ्या तुमचा हॉल. वर्ग माईच्या गॅरेजमध्ये भरेल.”

शुक्रवारी स्मशानभूमीत आम्ही तिवाएवाए तेकुराच्या पेटीवर उलगडली. पांढऱ्या कापडावर लाल जास्वंदी, हातभर मोठ्या. जिलियनही आली होती, काळा कोट घालून, रडून डोळे सुजलेले. कडेची एक पाकळी अर्धीच टाचलेली होती आणि तेकुराची सुई दोऱ्यासकट तिथेच अडकलेली होती. जिलियनला ती दिसली. सुई काढायला ती हलकेच वाकली.

माईने तिचं मनगट धरलं. “राहू दे. तिचं काम चालू आहे.”

पेटी खाली गेली. माती टाकायला तेकुराचा नवरा काही पुढे होईना. त्या लाल फुलांकडे बघत नुसता उभा राहिला. मग माई गुडघ्यांवर बसली. ज्या हाताने तिने ती फुलं कापली होती, त्याच हाताने माती उचलली आणि त्यांच्यावर टाकली.