देवरावांच्या नावाची जीप

राधाबाई जीपच्या शेडमध्ये जाऊन चिंधू ड्रायव्हरशी खोटं बोलल्या, तेही पापणी न हलवता. "देवरावले पुन्हा अटॅक आला. गाडी काढ."

देवराव भिलाईच्या भट्ट्या उभारणाऱ्या एका ठेकेदार कंपनीत फोरमन. हिवाळ्यात त्यांना अटॅक आला तेव्हा कंपनीची जीप हॉर्न वाजवत धावली होती, आणि कंपनीच्या दवाखान्यातलं हृदयाची रेघ काढणारं मशीन त्यांच्यासाठी खोक्यातून पहिल्यांदा बाहेर आलं होतं. तेव्हापासून ते खाटेवर पडून येणाऱ्याजाणाऱ्याला हा किस्सा ऐकवत. ऐकणाऱ्यांना चहा द्यायचं काम बायकोकडे, अन्नपूर्णाबाईंकडे.

आता अन्नपूर्णाबाईंचाच जबडा ठणकत होता, पाठ भरून येत होती, पदर घामानं भिजत होता. डॉक्टरसाहेबांनी आधी 'गॅस' म्हटलं. दुसऱ्यांदा गेल्या तेव्हा 'नवऱ्याच्या आजाराची धास्ती' म्हटलं आणि सोड्याच्या गोळ्या दिल्या. दोन्ही वेळा बाई पायीच गेल्या, कारण जीप निघायची ती फक्त कामगाराच्या नावावर, त्याच्या बायकोच्या नाही. शेजारीण म्हणून राधाबाईंना सुचलं ते एवढंच.

जीप दारात आली. चिंधूच्या तोंडून स्वतःचं नाव ऐकताच देवरावांचा हात छातीवर गेला आणि ते आपणहून स्ट्रेचरवर आडवे झाले.

"मी कायले येऊ?" अन्नपूर्णाबाईंनी विचारलं.

"रोग्यासंगं कोनी तरी लागते. बस अंदर," राधाबाई म्हणाल्या.

दवाखान्यात देवरावांची रेघ अगदी नीट निघाली. डॉक्टरसाहेब खूश झाले.

"साहेब, तारा काढल्याच हाये तं आता इलेबी लावा," राधाबाई म्हणाल्या.

"बायकांना हौस फार," डॉक्टर हसले. "बरं, लावू. बांगड्या काढा बाई, रेघ बिघडते."

"यायच्यासमोर नाई काढत मी," अन्नपूर्णाबाई पुटपुटल्या. नवरा हृदयाचा रोगी, समोर बसलेला, आणि आपण विधवेसारखे हात ओकेबोके करायचे? जबड्यापेक्षा ते त्यांना जास्त दुखलं असतं. राधाबाईंनी बांगड्या कोपरापर्यंत सरकवल्या.

कागद बाहेर आला. डॉक्टरांनी तो उलटासुलटा करून पाहिला. इतकं खराब हृदय घेऊन बाई बसली तरी कशी? शिवाय हा आजार पुरुषांचा. एवढं शिकल्यावर एवढं तर त्यांना ठाऊक होतंच.

"मशीन बिघडलंय," ते म्हणाले.

मशीन विलायती. त्याची काळजी घ्यायलाच हवी. तारा पुन्हा देवरावांना लावल्या. रेघ चांगली. मग कंपाउंडरला लावल्या, मग चिंधूला. त्यांच्याही चांगल्या.

"साहेब, इचं आंग थंड पडून राहिलं," राधाबाई म्हणाल्या.

"थांबा हो जरा. आधी यंत्राची खात्री करू द्या." डॉक्टरसाहेबांनी शर्ट काढला आणि शास्त्राखातर स्वतः आडवे झाले. त्यांचीही रेघ देखणी होती. देवरावांनी ती मान वाकवून पाहिली आणि आपल्या रेघेशी ताडून बघितली.

डॉक्टर बटणं लावत उठले. "मशीन उत्तम आहे," ते समाधानानं म्हणाले. "म्हणजे बाईंना खरोखरच अटॅक आलाय. कंपाउंडर, ऑक्सिजन आणा."

राधाबाईंनी अन्नपूर्णाबाईंचे डोळे मिटवले.

"ऱ्हाऊ द्या साहेब," त्या म्हणाल्या. "तुमच्या मशीनची काळजी मिटली, तेच खूप झालं."