पवळ्याचं आवतन

"आबाजी, मी अन् पवळ्या संगंच विहिरीत पडलो, त आधी कोणाले काढसान?"

शहरात, राजापेठेतल्या क्लासच्या पायऱ्यांवर बसून आचलनं फोनवर हे विचारलं, कारण पौर्णिमा आणि श्रावणीनं तशी पैजच लावली होती. फोन स्पीकरवर होता. दर्यापूरहून आबाजींचं, म्हणजे तिच्या आजोबांचं, वामनरावांचं, उत्तर आलं ते ठो करून.

"पवळ्याले."

"अन् मले?"

"तू बोंबलशीन, सारं गाव जमा होईन. त्या मुक्याले कोण पाहीन?"

मैत्रिणी पोट धरून हसल्या. "आचल, कुत्र्यानं हरवलं व तुले!" आचलही हसली, पण आतून तिच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता.

आजी गेली, मग बैलजोडी विकली, आणि त्यातल्या एका बैलाचं नाव आबाजींनी दारात येऊन बसलेल्या कुत्र्याला देऊन टाकलं. तेव्हापासून आचलची सद्दी संपली. वक्तृत्वात पहिली आल्याचं तिनं ओरडून सांगितलं, तर म्हणाले, "शाबास! पवळ्यानं बी आज वांदर पयवलं." म्हणजे तिचं बक्षीस आणि ते पळवून लावलेलं माकड एकाच तराजूत!

पोळ्याच्या आदल्या दिवशी ती आई-बाबांसोबत दर्यापूरला गेली, ती या पवळ्याला एकदा बघूनच घेते, असं ठरवून. बघते तर काय, अंगणात आबाजी कुत्र्याच्या खांद्यांना हळद-लोणी चोळत होते, बैलांना चोळतात तसं. तो लबाड मान वळवून लोणी चाटत होता. आबाजी त्याच्या कानाशी वाकून म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

बैलाचं आमंत्रण कुत्र्याला! वर पाठीवर झूल म्हणून आचलचा लहानपणीचा गुलाबी फ्रॉक. तिनं तो सर्रकन ओढून घेतला.

"हा माया हाय! अन् मले कदी आवतन देल्लं तुमी?"

"घरच्याले कोणी आवतन देते का, बाई?"

"मंग हा कोण?"

"हा बी घरचाच. पण बैल गेले, तुई आजी गेली. सण आला, त आवतन कोणाले देऊ? तोंडातच ठेवू?" आबाजी हळदीचे हात धोतराला पुसत राहिले. "तू येतं, फोटो काढतं, जातं. दिवे लागले की 'जेवला का रे' म्हणाले एक जीव पाह्यजे ना."

पवळ्या तिच्या हातातला फ्रॉक हुंगत होता. तिनं तो त्याच्या पाठीवर फेकला. आबाजींनी लगेच बंद बांधायला घेतले, तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

तिचा जळफळाट काही गेला नाही, उलट वाढला. पण हे कुत्रं जिंकतं कशाच्या जोरावर, ते तिला कळलं. ते रोज इथं असतं!

ती तरातरा आत गेली. आई पुरणाची डाळ निवडत होती. बाबा अकरावीच्या क्लासची चौकशी फोनवर करत होते.

"बाबा, ठेवा तो फोन," आचल म्हणाली. "अकरावी मी राजापेठेत नाही करणार. दहावी झाली की इथं राहाले येणार, दर्यापूरच्याच कॉलेजात. तो पवळ्या एकटाच सारे आबाजी घेऊन बसला हाय, अन् मले माया वाटा पाह्यजे."