तेवीस किलोचा हक्क

मी एक जुना, टांगायचा वजनकाटा आहे. चेहरा घड्याळासारखा गोल, वर कडी, खाली आकडा. काटा मात्र एकच, आणि तोही हल्ली जरा लाजत लाजत पुढे सरकतो. पंचवीस किलोपर्यंत काहीही माझ्या आकड्याला लावा, मी खरं तेच सांगेन.

मित्रांनो, कारखान्यातून बाहेर पडलो तेव्हा वाटलं होतं, आपल्या नशिबी कांदे-बटाटे. पण मी आलो तासगावजवळच्या एका अंगणवाडीत! तिथल्या सेविका मनुबाई. माझ्या आकड्याला त्या कापडी झोळी अडकवायच्या, स्क्रू फिरवून काटा शून्यावर आणायच्या आणि मग झोळीत बाळ ठेवायच्या. बाळं रडायची, लाथा झाडायची, कधी कधी झोळीही ओली करायची. काटा मागच्या महिन्यापेक्षा दोन रेघा पुढे गेला, की आईचा जीव भांड्यात पडायचा. तो तिथेच अडला, की तिचा चेहरा मला वरून बघवायचा नाही. त्या अडलेल्या बाळांच्या घरी मनुबाई चार-चारदा जायच्या, समोर बसून भरवायला लावायच्या. त्यांची स्वतःची नात अंकितासुद्धा अशीच. जन्मली तेव्हा दोन किलोलाही शंभर ग्रॅम कमी!

त्यामुळे माझ्या मनात एकच धडा पक्का बसला होता. वजन वाढलं म्हणजे आनंद.

पुढे अंगणवाडीत आकडे उजळणारा नवा काटा आला. माझी रवानगी कपाटाच्या मागे झाली. तिथे एका कोळ्याने माझ्या तोंडावर घर बांधलं. तीन वर्षं मला कुणी हात लावला नाही. मनुबाई निवृत्त झाल्या तेव्हा त्यांनी तपासणीला येणाऱ्या मॅडमना विचारलं, "ह्यो बाद झालाय न्हवं? मग मी नेऊ का घरी?" आणि मी त्यांच्या सोप्यात, म्हणजे घराच्या पुढच्या पडवीत, झोपाळ्याच्या कडीला लटकलो.

तिथे मला नवं काम मिळालं. गावातली पोरं आता परदेशी जातात. विमानात बसण्याआधी ती आपल्या बॅगा माझ्याकडे आणू लागली. आता ज्या दिवसाची गोष्ट सांगतो, त्या दिवशी बॅग घरचीच होती.

मनुबाईंची लेक संयोगिता जर्मनीला असते. विमानातल्या खुर्च्या, जेवणाच्या ढकलगाड्या हलक्या कशा करायच्या, हे तिचं काम. सात वर्षांच्या अंकिताला घेऊन ती परत निघाली होती. आजवर ती वर्षातून दोनदा यायची, पंधरा-पंधरा दिवसांसाठी. या वेळी तिने सांगितलं, की यापुढे वर्षातून एकदाच येणार, पण पुरते दोन महिने राहणार. एवढ्या लांबच्या प्रवासात विमान किती इंधन जाळतं, ते तिला कामामुळे ठाऊक होतं.

मनुबाईंनी त्यातलं "एकदाच" तेवढं ऐकलं. आणि त्या वर्षभराचं सामान भरायला बसल्या.

संयोगिताची बॅग चौदा किलोची. दुसरी बॅग मनुबाईंनी भरलेली. डिंकाचे लाडू, शेंगदाण्याची चटणी, बेदाणे, गुळाची ढेप, कांदा-लसूण मसाला. माझा काटा चोविसावर जाऊन थरथरला.

"आई, अगं दगड भरलेस का?"

"तिकिटावर तेवीस लिवलंय न्हवं? मग तेवीस भरायचंच. आपला हक्क हाय त्यो!"

"आता चोवीस झाले."

मनुबाईंनी किलोभर चटणीची पुडकी काढली आणि अंकिताच्या जाकिटाच्या खिशांत कोंबली. "हे बघ, तेवीस झालं!"

खिसे टम्म फुगलेली अंकिता म्हणाली, "आजी, पण मीपण त्याच विमानात बसणारे."

मित्रांनो, मला इतकं हसू आलं, की काटा हलला!

ट्रॅक्टर-ट्रॉलीने बेदाण्याच्या पेट्या वाहणारे शेजारचे यासीनभाई त्यांना सांगलीच्या स्टेशनावर सोडायला गाडी घेऊन आले होते. मुंबईपर्यंतच्या छोट्या विमानाचं तिकीट संयोगिताने रद्द केलं होतं, तिथवर रेल्वेच. बॅग बघून ते म्हणाले, "आक्का, विमानाच्या मागं माझी ट्रॉली जोडू का?"

"तू गप रं! तेवीस किलोनं काय विमान पडतंय व्हय?"

"पडत नाही गं," संयोगिता म्हणाली. "पण तीनशे माणसांनी दोन-दोन किलो जास्त आणले, तर सहा क्विंटल होतात. ते आभाळात न्यायला जास्त इंधन जळतं, जास्त धूर होतो. मी वर्षभर राबून एका ढकलगाडीचे चार किलो उतरवलेत."

"सहा क्विंटल म्हंजे चाळीस पेट्या बेदाणा की!" यासीनभाई म्हणाले. "एवढा माल मी उगं फिरवून आणला, तर घरात घेणार न्हाईत मला."

मनुबाई हसल्या नाहीत. पदराने डोळे टिपत म्हणाल्या, "तुमचं खरं आसंल. पर पोरगी तितं वाळली तर? वरीसभर मला कळायचं बी न्हाई."

अंकिताने जाकीट काढलं आणि माझा आकडा धरला. "आजी, मला तोल ना."

खुंटीवरची जुनी झोळी आली. मनुबाईंनी सवयीने स्क्रू फिरवला. ती पडू नये म्हणून यासीनभाईंनी खाली, न टेकवता, हात धरले, अंकिता गुडघे पोटाशी घेऊन बसली. मी दात-ओठ खाऊन तग धरला. अठरा... वीस... साडेएकवीस!

मनुबाईंनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. "आगं बया! ही तर बॅगंएवढी भरली! आन् मी कुणासाठी भरत बसलीया?"

त्यांनी स्वतःच बॅग उपडी केली. "पंधरा दोनी तीस. आता साठ दिस राहशील म्हंतीस. मग आमचा फायदाच की! लाडू हितंच येऊन खा." मसाल्याचा एक डबा तेवढा लेकीच्या बॅगेत गेला, कारण तो काय तिथं मिळत नाही. चौदाचे पंधरा झाले. दुसरी बॅग रिकामी होऊन माळ्यावर गेली. लाडू सोप्यात वाटले गेले, यासीनभाईंनी चार खाल्ले. "हे वजन विमानात न्हाई," ते म्हणाले.

मित्रांनो, तुम्हीही कधी विमानात बसाल. जरूर बसा. पण जिथे रेल्वे जाते तिथे रेल्वेने जा, आणि तिकिटावर लिहिलंय म्हणून बॅग भरू नका. लागेल तेवढंच न्या. या आभाळाखाली अजून पुष्कळ बाळं वाढायची आहेत.

आयुष्यभर माझा काटा पुढे गेला, की माणसं हसायची. त्या दुपारी तो चोविसावरून मागे येऊन पंधरावर थांबला, आणि तरीही सगळा सोपा हसत होता.