काळी बटणं

आमच्या शिवणकारखान्याला मालक नव्हता, आम्हीच सगळे भागीदार. दरवर्षी अध्यक्ष बदलायचा. एकदा झाला त्याला लागोपाठ दुसऱ्यांदा नाही, म्हणजे नाही! मत द्यायचं ते गिऱ्हाइकं कपडे घालून बघायची त्या खोलीत, पडदा ओढून. पटलं तर पांढरं बटण, नाही पटलं तर काळं, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकायचं. कोणी आत रेंगाळलं की बाहेरून हाका सुरू, "अगं, मत देतेस की झोपलीस?" काय दिवस होते! अजूनही पत्र्यावर बटण पडलेलं ऐकलं की माझा जीव तिकडे धावतो.

मग इस्त्रीवाला अध्यक्ष झाला. आम्ही त्याला कडकराव म्हणायचो. माणूस कामाचा, खोटं कशाला बोलू? गळकं छप्पर त्यानेच मागे लागून दुरुस्त करून घेतलं. वर्ष संपलं तसं लोकच म्हणाले, राहू दे की यालाच. झालं, नियम बदलला. पुढे तोच म्हणाला, "आपण घरचीच माणसं. पडदा कशाला? हात वर करायचे, मोकळं व्हायचं." टाळ्या पडल्या. दमदाटी नाही, काही नाही, सगळं रीतसर मतं घेऊन. तेव्हा रेडिओवर देशाच्या बातम्याही अशाच यायच्या, आणि आम्ही माना डोलवत शिवत बसायचो.

"पडदा परत लावा," असं प्रत्येक सभेत म्हणणारी एकटी माझी थोरली बहीण, अक्का. काजं करण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. खिडकीजवळची तिची जागा म्हणजे तिचा जीव की प्राण. शेवटी कडकरावाने सभा बोलावली, अक्काला काढायचं म्हणून.

"काढावं असं वाटतं त्यांनी हात वर करा," म्हणाला, आणि एकेकाच्या तोंडाकडे बघत उभा राहिला. हात वर जायला लागले. जिच्या बाळंतपणात अक्काने रात्री जागून काढल्या, तिचासुद्धा! मी हात मांडीखाली दाबून बसले होते. एका हाताने काय होणार होतं, कपाळ!

अक्काने कात्री आणि चष्मा पिशवीत घातला, अंगात कोट चढवला. एकेक जण निरोपाला येत होता. कोणी तिला मिठी मारली, कोणी कोटाची कॉलर नीट केली.

"ढोंगी मेले!" मी मोठ्यांदा म्हणाले. तरी रांग पुढे सरकतच राहिली.

घरी आल्यावर तिने कोट खुंटीला अडकवला, तर खिसे वाजले. तिने ते टेबलावर उलटे केले. काळी बटणं घरंगळत पलंगाखाली गेली, दारापर्यंत गेली. मी गुडघ्यांवर बसून गोळा करत राहिले. अर्ध्याहून जास्त कारखाना होता त्यात.

"म्हणजे मी राहिले असते गं," अक्का म्हणाली, आणि तेव्हा कुठे तिला रडू फुटलं.