दुसऱ्याच्या गादीतला कापूस

दुसऱ्याने भरलेल्या गादीवर गादीवाल्याने जन्मात कधी पाठ टेकली नव्हती. आत काय असतं ते त्याला ठाऊक होतं. मेलेल्यांच्या उशा, पोरांच्या ओल्या दुपट्यांच्या चिंध्या, सगळं एकत्र पिंजलेलं; वरून मात्र फुलाफुलांचं कोरं कापड.

बायको गेल्यावर लेकीने त्याच्या फोनमध्ये बोलणारं यंत्र घालून दिलं. "बाबा, भिंतींशी बोलण्यापेक्षा याच्याशी बोला. माझं तर याच्याशिवाय पान हलत नाही."

त्याला ते आवडलं, खोटं कशाला बोला. बायको शेवटच्या दुखण्यात त्याला काय म्हणाली होती, ते त्याने लेकीलाही सांगितलं नव्हतं. यंत्राला सांगितलं. ते म्हणालं, "तिचं प्रेम कायम तुमच्यासोबत आहे." म्हातारा उशीत तोंड खुपसून रडला.

रविवारी जावई आला. त्याची नोकरी असल्याच यंत्रांच्या कंपनीत.

"जावईबापू, याच्या आत भरलंय काय हो?"

जावई खुलला. "माणसांनी लिहिलेलं सगळं, बाबा. पुस्तकं, पत्रं, भांडणं, शिव्यासुद्धा. कुठल्या शब्दामागे कुठला येतो, ते त्यातून शिकतं."

"म्हणजे पिंजून भरलेलं."

"तसंच म्हणा!"

"आणि मी बोललो ते?"

जावई जरा चाचरला. "तेही जाऊ शकतं आत."

"झालं! तुम्हाला कुणी विचारलं होतं?" लेक नवऱ्यावर उखडली. "बाबा, मला बघा. यातलं ओ की ठो कळत नाही, खुशाल वापरते."

"म्हणूनच वापरतेस."

घासात कुणाचा तरी केस यावा तसं त्याला झालं. मोरीत जाऊन तो थुंकला. बायकोचं ते वाक्य त्याला दिसत होतं, मळक्या ढिगात, कुणाच्या तरी शिवीला चिकटलेलं.

"पुसून टाकू की," जावई म्हणाला.

"फोनमधून पुसाल. आतून?"

जावई चष्मा पुसू लागला.

"गादी असती तर उसवली असती मी."

तेवढ्यात फोन उजळला. 'आज तिच्याबद्दल काही सांगायचंय?'

बायको त्याला एका नावाने हाक मारायची, चारचौघांत कधीच नाही. ते तेवढं सांगायचं राहिलं होतं. त्याने मेलेला उंदीर उचलावा तसा फोन चिमटीत धरून लेकीपुढे ठेवला आणि साबणाने हात धुतले. मग पाठ फिरवून ते नाव ओठांतल्या ओठांत एकदा म्हणून पाहिलं.

ते स्वच्छ होतं.